पेट्रोलमधले शिसे गेले, मग लेकीच्या रक्तात आले कुठून?

जालन्याहून एका आईने पाठवलेले पत्र थोडक्यात असे आहे :

“माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. ती माती खाते, सारखी किरकिर करते, पोट दुखते म्हणते आणि तिचे हिमोग्लोबिन ८.४ आले आहे. आमच्या डॉक्टरांनी घरचा धंदा विचारला आणि रक्तातील शिसे तपासायला सांगितले. नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेला आणि अहवालात १४ मायक्रोग्रॅम असा आकडा आला. मिस्टरांचे बॅटरी दुरुस्तीचे दुकान घराला लागूनच आहे. ट्रॅक्टरच्या आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या तिथे उघडतात, शिसे वितळवून टर्मिनल ओततात. सासूबाई म्हणतात की याच धंद्यावर त्यांची तीन लेकरे मोठी झाली, कुणाला काही झाले नाही. दीर म्हणतात की पेट्रोलमधले शिसे केव्हाच बंद झाले, मुलांच्या रक्तातले शिसे जगभर कमी झाले आहे, त्यामुळे ही प्रयोगशाळेची चूक असणार. एका नातेवाइकांनी शिसे काढणारे भस्म सुचवले आहे. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते. दुकान बंद करणे शक्य नाही. थोरला मुलगा सहा वर्षांचा आहे, तो शाळेतून आल्यावर दुकानातच बसून अभ्यास करतो. आम्ही नेमके काय करावे?”

ताई,

तुमच्या डॉक्टरांनी घरचा धंदा विचारला, ही या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. फिकट पडलेले, माती खाणारे मूल समोर आले की आम्हा बालरोगतज्ज्ञांचा हात सवयीने लोहाच्या औषधाकडे आणि जंताच्या गोळीकडे जातो, आणि वडील काय काम करतात हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. माझ्याही हातून तो पूर्वी अनेकदा राहिला आहे आणि त्याची मला खंत वाटते. तुमच्या मुलीच्या बाबतीत तो विचारला गेला, म्हणून तिचा आकडा आज आपल्या हातात आहे आणि त्यावर काही करता येणार आहे.

तुमच्या दिरांनी जे वाचले ते खोटे नाही. इंजिनाची खडखड थांबावी म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्यास अमेरिकेत १९२३ साली सुरुवात झाली आणि पुढची पन्नास वर्षे ते धुरातून रस्त्यांवर, घरांत आणि मुलांच्या हातांवर बसत राहिले. त्या देशाच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १९७६ ते १९८० या काळात एक ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या रक्तातील शिशाची सरासरी दर डेसिलिटरला, म्हणजे १०० मिलिलिटर रक्ताला, सुमारे १५ मायक्रोग्रॅम इतकी भरली होती. तुमच्या मुलीचा १४ हा आकडा त्या काळच्या तिथल्या सर्वसाधारण मुलाचा आकडा होता, ही गोष्ट क्षणभर थांबून ध्यानात घ्यावी. आज तिथे तीच सरासरी १ मायक्रोग्रॅमच्याही खाली आली आहे. त्याच पाहणीच्या चार वर्षांत पेट्रोलमधील शिसे जसजसे कमी केले गेले, तसतशी लोकांच्या रक्तातील सरासरीही एक तृतीयांशाहून अधिक उतरली आणि कागदावर काढलेल्या या दोन रेषा जवळजवळ एकमेकींच्या सोबतीने खाली आल्या. हवेतले शिसे इतके थेट मुलाच्या रक्तात उतरत असेल, यावर तोवर अनेकांचा विश्वास नव्हता.

आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. मुंबईत १९९७ साली तपासलेल्या मुलांपैकी ६० टक्क्यांहून अधिक मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले होते. पेट्रोल बदलल्यानंतर काही वर्षांनी झालेल्या तपासणीत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आले. २०२१ साली अल्जीरियाने वाहनांसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल विकणे थांबवले आणि जगात ते कुठेच उरले नाही. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतकी मोठी घट फार थोड्या बाबतींत दिसते, आणि दीर तिच्याबद्दल आनंदाने बोलत असतील तर त्यात काही वावगे नाही.

मात्र मुंबईची तीच तपासणी दुसऱ्या बाजूनेही वाचावी लागते. पेट्रोलमधून शिसे गेल्यावरही तीनपैकी एका मुलाच्या रक्तात ते १० च्या वर होते, म्हणजे ते आणखी कुठून तरी येत होते. रक्तातील शिसे काळाच्या ओघात आपोआप कधीच उतरलेले नाही. ज्या वस्तूतून ते येत होते तिचे नाव घेऊन ती बंद केली गेली, तेव्हा तेवढ्यापुरते उतरले. पेट्रोल बंद केले, पेट्रोलचे शिसे गेले. अमेरिकेत १९७८ साली घरगुती रंगांतील शिशावर बंदी आली; आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नसावे हा नियम २०१६ मध्ये निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. ज्या वस्तूचे नाव कुणी घेतले नाही, तिचे शिसे जिथल्या तिथे राहिले. बॅटरीचे तसेच झाले आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी सुमारे ८५ टक्के शिसे आज बॅटऱ्यांमध्ये जाते. बिनशिशाच्या पेट्रोलवर धावणारे जवळपास प्रत्येक वाहन शिशाच्याच बॅटरीने सुरू होते, आणि ट्रॅक्टर, ई-रिक्षा व भारनियमनामुळे घरोघरी आलेले इन्व्हर्टर यांच्यामुळे ते शिसे आपल्या गल्लीबोळापर्यंत पोचले आहे. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे आणि त्यांपैकी साधारण साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. हा गणिती प्रारूपावरून काढलेला अंदाज आहे, प्रत्येक मुलाचे रक्त तपासून केलेली मोजणी नव्हे. तरीही ‘मुलांमध्ये शिसे राहिलेलेच नाही’ असे म्हणायला तो जागा ठेवत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतील तीन वर्षांखालील मुलांच्या रक्तातील शिसे मोजले गेले होते. त्यानंतरच्या पाहण्यांत हिमोग्लोबिन मोजणे चालू राहिले, शिसे मोजणे मात्र थांबले. अंगणवाडीत तुमच्या मुलीचे वजन घेतात, उंची घेतात, दंडाचा घेर मोजतात. शिसे कुणी मोजत नाही. त्यामुळे जालन्यातील, नांदेडमधील किंवा परभणीतील मुलांची रेषा वर चालली आहे की खाली, हे सांगणारा कागदच तयार होत नाही. जिथे मोजले जाते तिथे काय घडते, याचे एक अलीकडचे उदाहरण देते. २०२३ साली अमेरिकेत काही लहान मुलांच्या नियमित तपासणीत शिसे अचानक वाढलेले दिसले, शोध घेत गेल्यावर ते दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गरात सापडले आणि तो माल बाजारातून परत घेण्यात आला. आधी मुलांचे रक्त मोजले गेले होते, म्हणूनच कुणीतरी त्या गरापर्यंत पोचले.

आता सासूबाईंचे म्हणणे. त्यांची तीन लेकरे शिकली, कमावती झाली, हे खरे आहे आणि त्यांच्या कष्टांचा मान ठेवूनच मी पुढचे लिहिते. शिशाने होणारे नुकसान मुलाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. १९४३ साली बॉस्टनमधील डॉक्टरांनी शिशाच्या विषबाधेतून ‘बरी होऊन’ घरी गेलेल्या २० मुलांचा पुढे शाळेपर्यंत मागोवा घेतला, तेव्हा त्यांपैकी १९ मुलांना शिकणे किंवा वागणे यांत अडचणी येत असल्याचे आढळले. रुग्णालयाच्या दृष्टीने ती सारी बरी झालेली मुले होती. पुढे १९७९ साली हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले आणि आजारपणाचे कोणतेही लक्षण नसलेल्या मुलांमध्येसुद्धा, ज्यांच्या दातांत शिसे जास्त त्यांची बुद्धी आणि लक्ष देण्याची क्षमता कमी, असे दाखवून दिले. अशी पुराव्याची भर पडत गेली तसतसे मोजण्याचे मापही खाली येत गेले. अमेरिकेत १९६० च्या दशकात ६० पर्यंतचा आकडा चालवून घेतला जात होता. १९७० मध्ये ती रेषा ४० वर आली, १९७५ मध्ये ३० वर, १९८५ मध्ये २५ वर, १९९१ मध्ये १० वर, २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर. म्हणजे तुमच्या मुलीच्या १४ या आकड्याला १९८५ साली कुणी हरकत घेतली नसती आणि आज आम्ही घेतो. मुले अधिक नाजूक झाली म्हणून असे घडलेले नाही. आपल्याला आता अधिक बारीक दिसू लागले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ किंवा त्याहून अधिक आकडा आला की शिसे कुठून येते ते शोधून थांबवावे असे आहे, आणि अमुक इतके शिसे निर्धोक असते अशी कोणतीही पातळी ती संघटना मानत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालावर ‘१० पेक्षा कमी’ असे छापलेले दिसले तर ते जुने माप आहे, एवढे समजावे.

आणखी एक बाब सासूबाईंना जरूर समजावून सांगावी. शिशाचे नुकसान सरळ हिशेबाने वाढत नाही. २००५ मध्ये सात ठिकाणच्या मुलांची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासात, रक्तातील शिसे २.४ वरून १० पर्यंत चढताना बुद्ध्यंकात सरासरी ३.९ गुणांची घट दिसली आणि १० वरून २० पर्यंत चढताना आणखी १.९ गुणांची. म्हणजे पहिल्या दहातच जास्त जाते. तीन-चार गुण गेल्याचे एका मुलाकडे पाहून कुणालाही ओळखता येणार नाही; पाढे पाठ व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, एका जागी बसवत नाही, चटकन राग येतो आणि घरात आपण म्हणतो की हा मुळातच तसा आहे. तो मुळात कसा झाला असता, हे कुणाला कधीच कळत नाही. म्हणूनच ‘काही झाले नाही’ हे वाक्य आपल्यापैकी कुणालाच छातीठोकपणे म्हणता येत नाही, सासूबाईंनाही नाही आणि मलाही नाही.

प्रयोगशाळेची चूक असण्याची शक्यता मी नाकारत नाही, पण ती तपासून पाहण्याची रीत सोपी आहे. बोटाला टोचून रक्त घेतले असेल तर बोटावरची धूळ त्या थेंबात मिसळून आकडा फुगू शकतो. तसे झाले असल्यास हात चांगला धुऊन, शिरेतून रक्त घेऊन, ही तपासणी येत्या काही दिवसांतच पुन्हा करून घ्यावी. दुसऱ्या आकड्याची वाट पाहत मात्र थांबू नये, कारण दुकान घराला लागून आहे आणि मुलगी माती खाते, एवढे समजल्यावर सुरुवात करायला आणखी पुरावा लागत नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या अंगी जितके लागते, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या अंगी लागते. त्यातही शरीरात लोह कमी असेल तर आतडे शिसे अधिक ओढून घेते. लोह कमी पडले की मूल माती खाते, मातीतून शिसे जाते आणि शिसे पुन्हा रक्त बनण्याच्या कामात अडथळा आणते. तुमची मुलगी या फेऱ्यात सापडलेली आहे. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते, तेव्हा या फेऱ्यात सापडू शकणारी ती एकटी नाही.

दुकान बंद करा असे मी सांगणार नाही. त्यावर तुमचे घर चालते. परंतु दुकानातील सर्व कामे सारखी धोक्याची नाहीत. बॅटरी चार्ज करणे, त्यात पाणी भरणे, नवी बॅटरी बसवून देणे ही कामे चालू राहू शकतात. बॅटरीचा खोका फोडून प्लेटा काढणे आणि शिसे वितळवून ओतणे ही दोन कामे मात्र घरापाशी आजपासून थांबली पाहिजेत. वितळत्या शिशाची वाफ थंड होऊन बारीक धूळ होते आणि ती भिंतीवर, अंथरुणावर, पाण्याच्या माठावर बसते. प्लेटांवरचा राखाडी चिखल वाळला की पायाला लागून घरभर जातो. २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या मार्चपर्यंत सेनेगल देशातील डाकार शहराच्या एका वस्तीत, जिथे बॅटऱ्यांचे शिसे मातीतून वेचले जात होते, तिथे १८ लहान मुलांचा मृत्यू झाला होता. तुमच्या घरची परिस्थिती तशी नाही आणि मी तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण धूळ त्याच जातीची आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे निकामी बॅटऱ्या न फोडता अख्ख्या परत जाऊन नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया उद्योगांकडे पोचणे अपेक्षित आहे. मिस्टर ज्या विक्रेत्याकडून नव्या बॅटऱ्या आणतात त्याच्याशी बोलून जुन्या बॅटऱ्या न उघडता परत देण्याचा व्यवहार ठरवता आला, तर ओतकामातून मिळणारा पैसा थोडा कमी होईल, पण घरातील शिशाचा मुख्य झरा बंद होईल. मिस्टरांना हे सांगताना त्यांच्यावर दोष येतो आहे असे वाटू देऊ नये. त्यांच्या छातीत आणि रक्तात ते शिसे मुलीच्याही आधीपासून जात आहे, मोठ्या माणसाचा रक्तदाब आणि मूत्रपिंडे यांवर त्याचा परिणाम होतो, तेव्हा त्यांचेही रक्त तपासून घ्यावे.

दुकान आणि घर यांच्यामधले दार बंद करून रस्त्याकडूनच ये-जा ठेवावी. कामाचे कपडे आणि चपला दुकानातच राहाव्यात. मिस्टरांनी घरात येण्याआधी हात, तोंड आणि दाढी-मिशा साबणाने धुवाव्यात, शक्य असेल तर अंघोळ करावी आणि मगच मुलीला उचलून घ्यावे. वडील घरी आले की मूल धावत जाऊन पायाला मिठी मारते, आणि नेमकी तीच वेळ सांभाळायची आहे. मोटारसायकलची सीट आणि मोबाइल ओल्या फडक्याने पुसावा, कारण तो मोबाइल संध्याकाळी मुलीच्या हातात असतो. थोरल्या मुलाचे दप्तर आजच दुकानातून घरात आणावे.

आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या पाण्यात हे कसे जमवायचे, हा तुमचा प्रश्न मी बाजूला सारत नाही. पाणी कमी असेल तर ते हातांवर आणि फरशीवर आधी खर्च करावे. जेवणाआधी आणि झोपण्याआधी मुलीचे हात साबणाने धुवावेत, नखे आठवड्याला कापावीत. कोरड्या झाडूने झाडल्यास शिशाची धूळ उडून पुन्हा खाली बसते, म्हणून फरशी ओल्या फडक्याने पुसावी. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसऱ्यात फडके खळबळण्याचे, आणि पुसण्याची सुरुवात दुकानापासून दूर असलेल्या खोलीतून करत दुकानाच्या भिंतीशी संपवावी. दुकानाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर भिजवू नयेत. आपल्याकडे कपड्यांचे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते अंगणात शिंपडण्याची किंवा भाजीच्या आळ्यात घालण्याची चांगली सवय असते, पण दुकानाच्या कपड्यांचे पाणी तेवढे अपवाद समजून थेट मोरीत सोडावे. अंगणात माती असेल आणि मुलगी तिथलीच माती खात असेल, तर ती खरवडून उडवत बसण्यापेक्षा तिच्यावर फरशी किंवा सिमेंटचा कोबा घालावा. ते लगेच जमण्यासारखे नसेल तर दुकानापासून दूरच्या जागेचा मुरूम आणून त्याचा जाड थर देऊन चोपून घ्यावा. उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया आणि मिरच्या वाळत घालताना ती गच्ची दुकानाच्या भट्टीवर आहे का, हेही पाहावे. शेजारच्या घरी वाळवण घालता आले तर या वर्षी तसे करावे.

इतर मार्गांविषयी थोडक्यात लिहिते, कारण तुमच्या घरी मुख्य मार्ग दुकानाचाच दिसतो. काही ठिकाणी हळकुंडांना पिवळी झाक यावी म्हणून शिशाचा पिवळा रंग चोळला जातो. बांगलादेशात ही भेसळ २०१९ नंतर शोधून दोन वर्षांत जवळजवळ संपवण्यात आली. आपल्याकडे तर वसमत-हिंगोलीची हळद हाताशी आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेली हळकुंडे घेऊन दळून आणणे तुम्हाला अवघड नाही, आणि फार भडक, चकचकीत हळकुंड पाहून भुलू नये. शेंदूर हा परंपरेने शिशापासूनच बनतो, आणि काही सुरम्यांतही शिशाचेच खनिज असते. सासूबाई शनिवारी मारुतीला शेंदूर वाहत असतील तर जरूर वाहाव्यात, मात्र तो लेकीच्या कपाळाला किंवा बोटाला लागू न देता तिला चंदनाचे गंध लावावे आणि डोळ्यांत काहीही घालू नये. पितळी भांड्यांना कल्हई करणारा शुद्ध कथील वापरतो याची खात्री नसेल, तर चिंच-आंब्याचे आंबट पदार्थ त्या भांड्यांत ठेवू नयेत. भंगार वितळवून ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांबाबतही हेच लागू आहे.

नातेवाइकांनी सुचवलेले भस्म तुमच्या मुलीला मुळीच देऊ नये. आयुर्वेदात ‘नाग’ हे शिशाचेच नाव आहे आणि नागभस्म शिशापासून करतात. घटक माहीत नसलेले कोणतेही भस्म या वयात, या आकड्यावर, तिच्या पोटात जाता कामा नये. रुग्णालयात दिली जाणारी शिसे बाहेर काढणारी औषधे खरोखर आहेत; साधारणपणे ४५ किंवा त्याहून अधिक आकडा असेल तेव्हा ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिली जातात. २० ते ४४ या दरम्यान आकडा असलेल्या ७८० मुलांवर अमेरिकेत या औषधाची चाचणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाने रक्तातील आकडा काही काळ उतरला, पण मुलांच्या बुद्धिमापनात कोणतीही सुधारणा झाली नाही. १४ या आकड्याला औषधाची गरज नाही, आणि यात तुमच्यापासून काही हिरावले जात आहे असे मानू नये. तुमच्या मुलीचे औषध म्हणजे दुकानाचे ते बंद केलेले दार.

डॉक्टरांनी दिलेले लोह नेमाने पूर्ण करावे आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही त्यांनी सांगेपर्यंत थांबवू नये. आहारात तिला रोज दही किंवा दूध, तीळ, शेंगदाण्याची चटणी, शेवग्याचा पाला, तांदूळजा, हरभरे आणि बाजरीची भाकरी मिळेल असे पाहावे. सोबत लिंबू, आवळा किंवा आपल्या जालन्याची मोसंबी दिल्यास लोह चांगले अंगी लागते. जेवणाबरोबर चहा देऊ नये. मूल उपाशीपोटी असेल तर शिसे अधिक शोषले जाते, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खाऊ घालावे. लोह भरून आले की बहुतेक मुलांचे माती खाणे हळूहळू सुटते. तोवर तिला त्यावरून मारू नये.

पहिल्या फेरतपासणीत आकडा तोच आला तर साधारण एक ते तीन महिन्यांच्या अंतराने तपासणी चालू ठेवावी. रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते असे पुस्तकात असते, पण हाडांत साठलेले शिसे हळूहळू रक्तात परत येत राहते, त्यामुळे घरातील उतार त्याहून सावकाश दिसेल. १४ वरून ११, ११ वरून ९ असा आकडा उतरत असेल तर तुम्ही योग्य मार्गावर आहात. दोन-तीन महिन्यांनंतरही तो हलला नाही, तर कुठला तरी मार्ग अजून उघडा आहे असे समजून घराची पुन्हा पाहणी करावी लागेल. तशा वेळी छत्रपती संभाजीनगर किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात दोन्ही अहवाल घेऊन जावे. आकडा ४५ च्या जवळ गेला, किंवा मुलीला वारंवार उलट्या, झटके अथवा ग्लानी असे काही दिसले, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

थोरल्याचे रक्त याच आठवड्यात द्यावे. तो माती खात नाही, तो सशक्त दिसतो, म्हणून त्याला वगळू नये; दुकानात तो बहिणीपेक्षा जास्त वेळ बसला आहे. तुम्हाला पुन्हा दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर तुमचीही तपासणी आवश्यक आहे, कारण आईच्या हाडांतील शिसे गर्भापर्यंत पोचते. दोन्ही मुलांचे आकडे आले की ते आणि रक्त घेतल्याची तारीख मला लिहून पाठवावी, म्हणजे पुढची तपासणी केव्हा करायची ते मी तुम्हाला त्यावरून सांगू शकेन.